पदार्थ त्रैराशिक मानत नाहीत

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ ए’ विमानाने आकाशात झेप घेतली आणि त्याच दिवशी या विमानांच्या तिसऱ्या उत्पादन-साखळीचे उद्‌घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले. नाशिककरांना या घटनेचा अभिमान वाटला, हे स्वाभाविकच होय. १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी उभ्या राहिलेल्या या कारखान्याने पुढील सहा दशकांत मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानेही बांधली. परंतु ती सारी विमाने परदेशी आराखड्यांवरून, परवान्याखाली बांधलेली होती. तेजसचा आराखडा मात्र या देशातला आहे. हा फरक केवळ स्वाभिमानाचा नाही. परक्याच्या आराखड्यावर काम करणाऱ्याला आकडे पाळावे लागतात; स्वतःच्या आराखड्यावर काम करणाऱ्याला आकडे काढावे लागतात.

हे आकडे काढणारी माणसे कोठे आणि कशी तयार होणार, हा प्रश्न त्या समारंभाच्या निमित्ताने कोणी विचारल्याचे आढळले नाही. एखादा भाग कोणत्या धातूचा करावा, तो किती जाड असावा, किती तास चालल्यावर बदलावा, ही उत्तरे देणारे शास्त्र म्हणजे पदार्थविज्ञान. आणि पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याचे खरे हत्यार म्हणजे गणित. आपल्या तंत्रशिक्षणात या दोहोंची गाठ जशी पडायला हवी तशी पडत नाही. त्याची किंमत केवळ विद्यार्थी मोजत नाहीत, नाशिकसारख्या उद्योगनगरीचे सारे अर्थकारण ती मोजत असते.

तांबट आळीतले ज्ञान

या मुद्द्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. गणित न शिकता उत्तम धातुकाम करणारी माणसे याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली नाहीत काय? आक्षेप बिनतोड वाटतो. जुन्या नाशकातील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडली, ती कोणत्याही समीकरणाच्या आधारावाचून. पत्रा ठोकत गेले की तो कठीण होत जातो, एका मर्यादेपलीकडे ठोकला तर तडकतो, आणि त्याआधी भट्टीत तापवून घेतला की पुन्हा मऊ होतो, हे तांबटाला हाताने आणि कानाने कळते. मठारलेल्या भांड्याची बळकटी ही याच ज्ञानाची साक्ष आहे. धातूच्या स्फटिकांतील दोष ठोकण्याने वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू कठीण बनतो, ही त्याची शास्त्रीय उपपत्ती विसाव्या शतकात सापडली. तांबटाचा हात तिच्यासाठी थांबला नव्हता.

परंतु या ज्ञानाला दोन अटी होत्या. पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला पाहिजे, ही पहिली. आणि शिकणाऱ्याजवळ चुकायला भरपूर वेळ व पत्रे असले पाहिजेत, ही दुसरी. आजच्या उद्योगात या दोन्ही अटी उरलेल्या नाहीत. नव्या मिश्रधातूंची व नव्या संमिश्र पदार्थांची सवय हाताला व्हायला तीन पिढ्या द्याव्यात, इतका धीर कोणत्याही बाजारपेठेजवळ नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर अनुभव हे फार सावकाश साठणारे भांडवल आहे आणि ते बापाकडून मुलाकडेच जाते. गणित हे त्याच अनुभवाचे असे रूप आहे, की जे एका वर्गातील साठ मुलांना एका वेळी देता येते. तांबटाला गणिताची गरज नव्हती, यावरून गणिताची गरज नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे आजीच्या बटव्यावरून रुग्णालये अनावश्यक ठरवण्यासारखे आहे.

चार तास, आठ तास, सोळा तास

सामान्य व्यवहार त्रैराशिकावर चालतो. दोन किलो साखरेला इतके रुपये, तर चार किलोला दुप्पट. लिपिकाच्या टेबलापासून किराणा दुकानापर्यंत हा नियम पुरतो. म्हणून तोच जगाचा नियम आहे, असे मनाला वाटू लागते. पदार्थ मात्र हा नियम क्वचितच मानतात.

सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्याची कल्पना करावी. गिअरचा दात बाहेरून कठीण आणि आतून चिवट असावा लागतो. त्यासाठी कमी कार्बन असलेले पोलाद कार्बनयुक्त वायूत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला कित्येक तास ठेवतात. कार्बनचे अणू पृष्ठभागातून हळूहळू आत झिरपतात. नंतर तो भाग तेलात एकदम थंड केला, की बाहेरचा थर कठीण बनतो. समजा, चार तासांत सुमारे एक मिलिमीटर खोलीचा थर मिळाला. गिऱ्हाइकाने दोन मिलिमीटरची मागणी केली, तर भट्टी किती तास चालवावी? त्रैराशिक सांगेल, आठ तास. बरोबर उत्तर आहे सोळा तास. कारण झिरपण्याची खोली वेळेच्या प्रमाणात वाढत नाही, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. आठ तासांचा हिशेब धरून ज्याने दरपत्रक दिले, त्याला एक तर माल नाकारला गेल्याचा फटका बसेल किंवा दुप्पट विजेचा.

मग भट्टीचे तापमान वाढवले तर? ९०० अंशांऐवजी ९५० अंश ठेवले, तर मापकावरील वाढ जेमतेम साडेपाच टक्क्यांची दिसते. परंतु कार्बनच्या विसरणाचा वेग त्यामुळे सुमारे १.९ पट होतो आणि तेवढ्याच खोलीला लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. हा घातांकी नियमाचा प्रताप. तथापि तापमान वाढले की पोलादाचे कण मोठे होऊ लागतात आणि चिवटपणा घटतो. भट्टीचे अस्तरही लवकर झिजते. म्हणजे वेळ, वीज, दर्जा आणि झीज यांचा मेळ घालून कोठेतरी योग्य बिंदू शोधावा लागतो. हा बिंदू शोधणे म्हणजेच विकलन, ज्याला बारावीचा विद्यार्थी ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणून ओळखतो आणि परीक्षा संपताच विसरतो.

ज्या समीकरणातून हे वर्गमूळ निघते, ते फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनासाठी मांडले, फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाला लावले आणि बाशलिए या फ्रेंच गणितज्ञाने १९०० मध्ये तोच विचार शेअरबाजारातील भावांच्या चढउतारांसाठी वापरला. एक समीकरण नीट समजले, तर इतकी दारे उघडतात. ते केवळ पाठ केले, तर एकही नाही.

अनिश्चिततेची किंमत

दुसरे उदाहरण काँक्रीटचे घेता येईल. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेमुळे, म्हणजेच ‘मेरी’मुळे, धरणांच्या माती-काँक्रीटची परीक्षा हा विषय नाशिकला १९५९ पासून परिचयाचा आहे. काँक्रीटचे घन २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात आणि त्यांची ताकद मोजतात. एकाच मिश्रणाचे दहा घन दहा वेगवेगळे आकडे देतात. म्हणून भारतीय मानकाने ताकदीची व्याख्याच संख्याशास्त्राच्या भाषेत केली आहे: ज्या आकड्याच्या खाली पाच टक्क्यांहून अधिक निकाल जाणे अपेक्षित नाही, ती त्या काँक्रीटची ताकद.

या व्याख्येत मोठे अर्थकारण दडलेले आहे. ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे काँक्रीट हवे असेल, तर सरासरी ३० ठेवून चालत नाही, कारण मग निम्मे घन खालीच राहतील. सरासरी किती वर ठेवावी, हे निकालांच्या विखुरण्यावर, म्हणजे प्रमाण विचलनावर अवलंबून असते. त्या विचलनाची १.६५ पट रक्कम ३० मध्ये मिळवावी लागते. ज्याच्या कामात विचलन ६ आहे, त्याला सरासरी ३९.९ गाठावी लागते. ज्याचे विचलन ४ आहे, त्याचे ३६.६ मध्ये भागते. वाळूतील ओलावा मोजण्याची आणि पाणी मोजून घालण्याची शिस्त ज्याच्याकडे नाही, तो ती तूट सिमेंटच्या पोत्यांनी भरून काढतो. सार्वजनिक बांधकामात ही पोती अखेर करदात्याच्याच खिशातून येतात. प्रमाण विचलन हा केवळ परीक्षेतील पाच गुणांचा प्रश्न नाही, तो सरकारी खर्चाचा प्रश्न आहे; आणि ही गोष्ट अभियंत्याइतकीच वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही समजायला हवी.

दोन अंकांपासून एकवीस अंकांपर्यंत

आता पुन्हा ओझरकडे वळावे. पोलादासारखा नेहमीचा धातू व्यवहारापुरता सर्व दिशांना सारखाच वागतो, असे मानता येते. त्याची स्थितिस्थापकता सांगायला दोन अंक पुरतात. एकच घनाकृती स्फटिक घेतला, तर तीन अंक लागतात. लाकडासारखा तीन काटकोनी दिशांना तीन तऱ्हांनी वागणारा पदार्थ असेल, तर नऊ. आणि ज्याच्या रचनेत कोणतीही सममिती नाही, त्याला एकवीस. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. असा पदार्थ बांबूसारखा असतो. बांबू उभा सहज चिरला जातो, पण आडवा तोडायचा तर कोयत्याचे घाव घालावे लागतात. तंतूंचे थर कोणत्या कोनात एकावर एक रचावेत, यावर पंखाची ताकद ठरते. हा हिशेब मॅट्रिक्सवाचून मांडताच येत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ज्या मॅट्रिक्सची ‘आयगेन मूल्ये’ यांत्रिकपणे काढतो, तीच मूल्ये पदार्थातील सर्वांत मोठा ताण किती आणि त्यांच्या जोडीच्या दिशा तो ताण कोणत्या दिशेने, हे सांगत असतात. हे एक वाक्य त्याला वर्गात ऐकवले गेले, तर त्या गणिताकडे पाहण्याची त्याची दृष्टीच बदलेल.

येथे चुकीची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. १९५४ मध्ये ब्रिटनची दोन ‘कॉमेट’ जेट विमाने जानेवारी आणि एप्रिल अशा दोन महिन्यांत आकाशातच फुटली. फार्नबरो येथे एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत बुडवून, त्यावर आतून पुनःपुन्हा दाब देऊन तपासणी झाली, तेव्हा धातूचा थकवा हे कारण उघड झाले. एका दाबाने जे मोडत नाही, ते हजारो लहान दाबांनी मोडते. ही भेग कशी वाढते, याचा नियम १९६० च्या दशकात मांडला गेला. वाढीचा वेग ताणाच्या सुमारे तिसऱ्या ते चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ताण दहा टक्क्यांनी वाढला, तर भेगेचा वेग एक तृतीयांश ते जवळजवळ निम्म्याने वाढतो. आणि वाढलेली भेग पुढच्या ताणाला अधिक वाव देते. सावकाराचे चक्रवाढ व्याज ज्याने भोगले आहे, त्याला हा नियम निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

वर्गात काय घडते?

अभियांत्रिकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी सर्व शाखांना एकच गणित असते. मॅट्रिक्स, आंशिक विकलन, फूरिए श्रेणी, विकलक समीकरणे हे विषय त्यात येतात, आणि ते यावेतच. दोष विषयांत नाही, त्यांच्या एकटेपणात आहे. गणित शिकवणाऱ्याला भट्टी माहीत नसते आणि धातुशास्त्र शिकवणाऱ्याने समीकरण ‘सिद्धतेवाचून गृहीत’ धरलेले असते. विसरणाचे समीकरण समोर येईपर्यंत पहिल्या वर्षाचे गणित पुसले गेलेले असते. परीक्षाही ठरावीक साच्याच्या असल्याने मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, की उत्तीर्ण होता येते. समीकरण सोडवणारा विद्यार्थी तयार होतो. समीकरण मांडणारा होत नाही. आणि कारखान्यात कोणीही मांडलेले समीकरण हातात आणून देत नाही.

या पार्श्वभूमीवर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मार्च २०२१ मध्ये बारावीला गणित व भौतिकशास्त्र नसलेल्यांनाही अभियांत्रिकी प्रवेशासाठी वाट मोकळी करण्याची भूमिका घेतली, तेव्हा देशभर वाद झाला. चौदा विषयांपैकी कोणतेही तीन पुरेत आणि उणीव जोडअभ्यासक्रमाने भरून काढावी, अशी ती कल्पना होती. टीकेनंतर ही सूट मोजक्या शाखांपुरती आटोपती घेण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु त्या वादात दोन्ही बाजूंनी गणिताकडे प्रवेशद्वारावरचा पहारेकरी म्हणूनच पाहिले. एका पक्षाला तो हटवायचा होता, दुसऱ्याला ठेवायचा होता. दार ओलांडल्यावर गणिताने विद्यार्थ्याला वाट दाखवायची असते, या गोष्टीची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. ग्रामीण भागातील हुशार मुलगा गणिताला घाबरतो, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय गणित काढून टाकणे हा नव्हे, ते समजेल असे शिकवणे हा आहे.

संगणक हे सारे करत असताना माणसाला हा खटाटोप कशासाठी, असा दुसरा आक्षेप आता सर्रास ऐकू येतो. संगणक उत्तर देतो, हे खरे. परंतु तो चुकीच्या प्रश्नाचेही तितक्याच तत्परतेने, रंगीत चित्रांसह उत्तर देतो. तंतूंची दिशा भरताना चूक झाली, तर यंत्र हरकत घेत नाही. उत्तर सोळाच्या आसपास यायला हवे, आठच्या नव्हे, एवढा अंदाज ज्याला कागदावर करता येत नाही, त्याच्या हाती संगणक देणे म्हणजे वाचता न येणाऱ्याकडून धनादेशावर सही घेण्यासारखे आहे.

करता येण्याजोग्या गोष्टी

उपायांसाठी नव्या इमारती किंवा मोठी अनुदाने लागत नाहीत. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या प्रत्येक प्रकरणात निदान दोन उदाहरणे पदार्थांची असावीत, आणि ती गणिताच्या व धातुशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून तयार करावीत. संख्याशास्त्र शेवटी, वेळ उरल्यास, शिकवण्याऐवजी प्रयोगशाळेतील पहिल्या दिवसापासून शिकवावे. साठ विद्यार्थ्यांनी फोडलेल्या साठ नमुन्यांचे आकडे एका वहीत उतरवून त्यांचे विचलन त्यांनीच काढावे आणि ती वही पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा, की ज्यात आकडेमोड थोडी आणि अंदाज व मांडणी अधिक. सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी आपल्याकडील नाकारलेल्या मालाच्या नोंदी, नावे वगळून, महाविद्यालयांना द्याव्यात. नापास झालेल्या गिअरइतके चांगले पाठ्यपुस्तक दुसरे नाही.

भाषेचा प्रश्नही टाळता येणार नाही. मराठीतून असले गणित शिकवता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाचे विस्मरण झालेले असते. १८२० च्या दशकात मुंबईला कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली चाललेल्या अभियांत्रिकी शाळेसाठी गणिताची पुस्तके मराठीत उतरवली गेली होती. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून पदवी शिक्षणाला मुभा दिली आहे. मुभा आहे, पुस्तके हवीत. पारिभाषिक शब्द इंग्रजी राहिले तरी बिघडत नाही, विवेचन मात्र विद्यार्थ्याच्या भाषेत हवे. ज्या भाषेत तो घरी चक्रवाढ व्याजाचा हिशेब समजून घेतो, त्याच भाषेत त्याला भेगेची वाढ समजेल.

आणि नाशिकला हे अशक्य वाटण्याचे कारण नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी कागद-पेन्सिलीपलीकडे कोणतेही साधन नसताना ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला, आणि मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांच्या कामाची ओळख जगाला करून दिली. कापरेकरांचे गणित निखळ आनंदाचे होते, कारखान्याच्या उपयोगाचे नव्हते. परंतु संख्येशी मैत्री करता येते आणि ती शिक्षकाकडूनच लागते, हा त्यांचा धडा कोणत्याही शाखेला लागू आहे.

अखेर प्रश्न नाशिकच्या वाट्याला काय येणार, हा आहे. दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे तुकडे कातून देणाऱ्याला मजुरी मिळते. नकाशा ठरवणाऱ्याला नफा मिळतो. या दोहोंमधील अंतर यंत्रांचे नाही, कारण यंत्रे दोघेही त्याच बाजारातून विकत घेतात. ते अंतर त्रैराशिकापलीकडचे गणित येणाऱ्या आणि न येणाऱ्या माणसांचे आहे. ती माणसे विकत मिळत नाहीत. ती जवळच्या शाळा-महाविद्यालयांतच घडवावी लागतात, आणि विसरणाप्रमाणेच शिक्षणालाही दुप्पट खोलीसाठी चौपट वेळ लागतो. म्हणून आरंभ आजच व्हायला हवा.